उपाशीपोटी ढोलकी

आर्णीतली जुनी कापसाची जिनिंग पाडली, तेव्हा ठेकेदारानं तिची लाकडं रद्दीसारखी किलोवर विकली. बशीर ढोलकीवाल्यानं त्यातला दीड हात लांबीचा एक ठोकळा उचलला. तेलानं, धुळीनं काळाठिक्कर. पण बोटानं टकटक केलं की असा बोलायचा, की बशीरच्या अंगावर काटा यायचा. लाकूड कोणतं, तेवढंच कळेना. आणि कळल्याशिवाय कोरायचं कसं? आंबा असला तर भिंत जाड ठेवावी लागते, नाहीतर चिरफळ्या. बिजा असला तर बोटभर पुरते, आणि नाद असा की मेलेला उठून ठेका धरील. तांड्यावरच्या प्रेमसिंगची ढोलकी तडकली होती आणि रविवारी महागावला त्याची भजनस्पर्धा होती. बशीरनं नवी द्यायची जबान दिली होती. त्यात असं लाकूड तीस वर्षांत त्याच्या हाती लागलं नव्हतं.

त्यानं ठोकळा हुंगला, नखानं खरवडला, चाटलासुद्धा. समोरचे विठ्ठलराव, पेन्शनीतले हेडक्लार्क, खुर्चीतून न उठताच म्हणाले, "सागवान हाय." हा माणूस सायकलच्या सीटलाही सागवानच म्हणाला असता.

शेवटी जैबुनबी नवऱ्यावर वैतागली. "चाटते क्या बैठे जी! छिलका पानी में डालो. मेरे अब्बा ऐसाच पहचानते थे."

काचेच्या गिलासात चार ढलप्या टाकल्या. घटकाभरानं गिलास उन्हात धरला. पाणी तांबूस, आणि कडेनं निळी झाक.

"बिजा!" बशीर रस्त्यावर येऊन ओरडला. तिथंच चुकलं.

बिज्याचं पाणी साखरेवर चालतं, हे इकडं शेंबड्या पोरालाही पाठ. विठ्ठलरावांची साखर तीनशे. ते चक्क उठले, गिलास ओढला आणि ढलप्यांसकट रिकामा केला. "तुरट हाय," तोंड वाकडं करून म्हणाले, "म्हणजे काम करते." आणि मोकळ्या मनानं जिलबीच्या गाडीकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी दारात पन्नास माणसं, हातात बाटल्या. यातल्या एकानंही कधी बशीरच्या ढोलकीला कान दिला नव्हता. उलट ठोकठोक होते म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्याविरुद्ध अर्ज केला होता. हीच माणसं आता त्याला भाई म्हणत होती.

"जीव मोठा का ढोलकी, बशीरभाई?"

"ढोलकी," बशीर म्हणाला. कोणी ऐकलंच नाही. एका बाईनं ठोकळ्याला कुंकू लावलं. एका पुढाऱ्यानं बॅनर लावला, त्यावर सात थोबाडं, सातही त्याचीच. जो तो येई आणि चाकूनं ढलपी काढून नेई. बुधवारपर्यंत ठोकळा चार बोटं आखूड झाला.

तेव्हा बशीरचं डोकं चाललं. त्यानं पटाशी उचलली. "आतलं तुमचं, बाहेरचं माझं! मंजूर?"

मंजूर. तो आतून कोरत गेला, गाव भुसा झेलत गेलं. शुक्रवारी ढोलकीचं पोकळ खोड तयार झालं, दोन्ही तोंडं उघडी. प्रेमसिंग बघायला आला. विठ्ठलरावांनी खोडाला डोळा लावून आरपार पाहिलं.

"आता एकाच बाजूनं चामडं लाव, खाली बुडाले. वरून पानी भरू. डायरेक्ट पेऊ."

"मंग मी महागावात पानी वाजवू काय, काका?" प्रेमसिंग भडकला.

"तुले भजन सुचते रे! इथं आमची साखर वाढून राह्यली!"

बशीरनं प्रेमसिंगला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. बाहेर गाव दार बडवत राहिलं, आत त्यानं दोन्ही तोंडांवर चामड्याच्या पुड्या चढवल्या, दोऱ्या ताणल्या, दोऱ्यांतल्या कड्या ठोकल्या. शनिवारी दार उघडून ढोलकी सगळ्यांपुढं धरली.

"प्या आता!"

बाटल्या खाली आल्या. प्रेमसिंगनं ढोलकी मांडीवर घेतली आणि एकच थाप मारली. नाद विठ्ठलरावांच्या चष्म्यापर्यंत गेला असावा, कारण त्यांनी तो काढला.

"थांब," ते डोळे मिटून म्हणाले. "हे कानानं घेतलं तरी लागू होत असन. सकाळी वाजवजो. अनशापोटी."

रविवारी सहाला दारात सगळी गल्ली. बाटल्या नाहीत, कान धुतलेले. तीस वर्षांत पहिल्यांदा माणसं बशीरची ढोलकी ऐकायला आली होती, तीही औषध म्हणून. महागावची गाडी यायला वेळ होता. प्रेमसिंगनं अर्धा तास वाजवली. कोणी खोकलंसुद्धा नाही.

"कशी वाटली?" बशीरनं विचारलं.

विठ्ठलरावांनी तोंड वाकडं केलं.

"तुरट वाजते. म्हणजे काम करते."