माइकला खोळ, मला खिळा

देवळातली समजून मला हात जोडू नका, मित्रांनो. मी मेंढ्याच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा आहे. आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. ज्या माइकवर मी इतकी वर्षं जळत आले, त्याचं नाव काढल्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकायचीच नाही.

जुन्नरच्या एका ओताऱ्याने मला ओतलं. डिंगोऱ्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीत जानकू नावाचे मेंढपाळ होते. त्यांनी मला बाजारातून आणलं आणि कळपाच्या पुढं चालणाऱ्या हिरा मेंढ्याच्या गळ्यात बांधलं. कुणाचं हिरवं पीक दिसलं की हिरा वाट सोडून पळायचा आणि मी खणखणायचे. मग जानकू आणि त्यांच्याबरोबर मेंढरं वळणारी पोरं "हुर्रऽ, माघारी!" अशी हाळी घालत धावायची. घाटघरच्या माळावर काय मान होता माझा! पुढं मेंढरं विकली, जानकू गेले, आणि त्यांच्या बायकोने, गजराबाईंनी, मला पुसून फडताळात ठेवलं.

तिथून मला बाहेर काढलं ते पुढारी हास्यदिनाने. हा दिवस कुठल्याच कॅलेंडरात नाही. त्याचं असं झालं, वाडीत नळ आला आणि उद्घाटनाला सरपंच सावळेरामांनी तोटी फिरवली. पाण्याऐवजी फुस्स करून हवा आली. दुसरा असता तर कुणावर तरी खेकसला असता. सावळेराम शांतपणे म्हणाले, "माझ्या भाषणाचा आन् ह्या नळाचा आवाज एकच हाय, राव." वाडी पोट धरून हसली. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी वाडी आपणहून सुट्टी घेते. कांद्याची काढणीसुद्धा थांबते. पार आळे गावापर्यंतचे पुढारी बोलावतात. अट एकच, स्वतःवर विनोद करायचा, भाषण करायचं नाही.

पण पुढारी तो पुढारीच. विनोद सांगता सांगता गाडी विकासावर घसरते. तेव्हा गजराबाईंनीच मला आणून दिलं. म्हणाल्या, मेंढरू वाट सोडून पिकात शिरलं की ही वाजायची, आता पुढारी भाषणात शिरला की वाजवा.

काम मिळालं, पण सुख नाही, कारण शेजारी तो माइक. पुढारी आला की त्याच्यापुढं वाकतो, त्याला बोटाने टिचक्या मारून 'हॅलो हॅलो' अशी विचारपूस करतो. हशा पिकतो तो त्याच्यापुढं. मी वाजले की पुढाऱ्याचं तोंड कडू होतं. कार्यक्रम संपला की माइकला लाल मखमलीची खोळ, आणि मला समाजमंदिराच्या भिंतीतला खिळा, खराट्याच्या शेजारी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा उंदराने त्याची वायर कुरतडली, तेव्हा मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही.

यंदा तर कहर झाला. गजराबाईंची नात हर्षाली कॉलेजात जाते. तिने मोबाइलमध्ये 'पोंऽऽ' करणारा भोंगा आणला आणि तो स्पीकरला जोडला. वर म्हणाली, ह्याने काम भागलं तर घंटा घरी नेऊन दाराला टांगू, पावणं आलं की वाजेल. आता मोबाइलवरही जळणं आलं! कळप वळवले, पुढारी वळवले, आणि शेवटी मला पाहुण्यांनी ओढायचं?

यंदाच्या हास्यदिनाला सगळ्यात शेवटी तालुक्याचे मोठे पुढारी सोमाजीराव उठले. सुरुवात झकास केली. घरच्या बाईने तरी आपल्याला मत दिलं का, याची अजून खात्री नाही म्हणाले. मग रस्त्यांवर घसरले. हर्षालीने भोंगा वाजवला, पोंऽऽ. लोक खदाखदा हसले. सोमाजीरावांना वाटलं, हशा आपल्यालाच. ते रस्त्यावरून धरणावर गेले. पुन्हा पोंऽऽ, पुन्हा हशा, पुन्हा नवी योजना. हर्षालीचा अंगठा दुखायला लागला, पण भाषण काही थांबेना. खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

अखेर गजराबाई उठल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, माइकपाशी नेलं आणि जोरात हलवलं. खण खण खण!

सोमाजीराव बोलता बोलता गर्रकन मागं वळले. त्यांचा हात वर गेला आणि तोंडातून निघून गेलं, "हुर्रऽ, माघारी!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. लहानपणी जानकूंबरोबर घाटघरच्या माळावर मेंढरं वळणाऱ्या पोरांत हेही होते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. सोमाजीराव लाजले. "काकी," ते म्हणाले, "ही घंटा ऐकली का अजून वाटतं, मेंढरू पिकात शिरलं."

"आज मेंढरू न्हाई, सोमा," गजराबाई म्हणाल्या. "राखणदारच शिरला व्हता."

वाडी अशी हसली, की मांडवाच्या दोऱ्या हलल्या. सगळ्यात जास्त हसले ते सोमाजीराव. डोळे पुसत पुसत, पुढं एक शब्दही न बोलता, ते खाली बसले.

माझा आवाज वाडीच्या टोकापर्यंत नेला तो माइकनेच. हे सांगताना जिवावर येतं, पण खरं आहे. दुसऱ्या दिवशी हर्षालीने मला चिंचेने घासून लख्ख केलं आणि पुन्हा समाजमंदिरात टांगलं. दाराचं तिने नावही काढलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला हसवणाऱ्याला तुम्ही जपताच. पण तुम्ही वाट सोडलीत की खणखणून सांगणारं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल. त्याचा राग येईल, तरी त्यालाही जपा, दाराबाहेर टांगू नका. माझं म्हणाल तर खिळ्यावर माझं बरं चाललंय. फक्त माइकची खोळ शिवून थोडी मखमल उरली असेल, तर तेवढं गजराबाईंच्या कानावर घाला.