एकही केस गळत नव्हता

“हिला कसला आलाय कॅन्सर! हिच्या डोक्यावरून मशीन मी फिरवलीय, मी!”

केसांना रंग लावायला बसलेल्या बाईच्या नाकासमोर पार्लरवाल्या ताईंनी मोबाइल धरला. फोटोत शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी होती. डोक्याचा तुळतुळीत गोटा, हाताला सलाईन, खाली उपचारांसाठी मदतीचं आवाहन आणि लोकांचे धीराचे शब्द.

“आजारपणामुळे सगळे काढायचेत म्हणाली. अहो, एक केस हाताला आला असेल तर शपथ! मुळं घट्ट. हयात गेली माझी केसांत, मला शिकवते?”

ताईंचा राग अगदीच हवेतला नव्हता. मागे कुणाच्या तरी बाळाच्या ऑपरेशनची गोष्ट फोनवर वाचून त्या ढसाढसा रडल्या होत्या आणि मग कळलं, बाळच नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ताईंनी ताकाचं भांडंच भिरकावलं. फोटोखाली लिहिलं, ‘हिचे केस मी कापलेत. एकही गळत नव्हता. डोळे उघडा.’ संध्याकाळपर्यंत ते जिकडेतिकडे झालं. खोटं कशाला बोला, ताईंना बरंही वाटलं.

पुढच्याच महिन्यात शिंपीणबाई मुलीला दंडाला धरून पार्लरमध्ये घेऊन आल्या. मुलीने रुमाल सोडला. आता भुवयाही उरल्या नव्हत्या.

“औषध सुरू व्हायच्या आधीच काढून घेतले हो, ताई. गळताना बघवले नसते मला.”

“अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना!”

“तुम्ही विचारलंच नाहीत.” ती खुर्चीत टेकली. “दुखायला लागलं की लोकांनी लिहिलेलं वाचत पडायचे मी. आता कुणी लिहीत नाही, नुसत्या शिव्या येतात. तुम्ही एकदा लिहा ना, खरं आहे म्हणून.”

ताईंनी उभ्या उभ्या लिहिलं, ‘चूक माझी. मुलगी खरंच आजारी आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘हिलाही वाटा मिळाला वाटतं!’ त्यावर हसणारे चेहरे. मुलीने वाचलं आणि रुमाल पुन्हा बांधायला घेतला.

“काय लिहिलंय हो? चष्मा घरी राहिला माझा,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“लवकर बरी हो म्हणतायत,” ताई म्हणाल्या. शिंपीणबाईंचा चेहरा उजळला. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मुलगी काही दिसली नाही. ती गेल्याचं गल्लीत कळलं तेव्हा ताईंनी दुकान बंद ठेवलं, पण भेटायला जायला पाय उचलला नाही. शेवटी शिंपीणबाईच आल्या. एकट्या, नाकावर चष्मा, हातात मुलीचा फोन. एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं होतं, ‘माझी मुलगी गेली.’ खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘पुरावा?’

“ह्यांना काय पाठवतात हो, ताई?” पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून त्यांनी काउंटरवर तळहाताने सरळ केला. “मला फोटो नीट जमत नाही.”

ताईंनी फोन पालथा ठेवला. “नको हो. राहू द्या.”

शिंपीणबाईंनी तो उलटून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“काढा ना,” त्या म्हणाल्या. “लोकांना खोटं वाटायला नको.”