शोमारीच्या आईचा निरोप

म्सिंबाझी नदीच्या काठाला राहणाऱ्यांना दर पावसाळ्यात कुणी ना कुणी उठवायला येई. पाणी ओसरलं की लोक चिखल उपसत आणि पुन्हा तिथेच चुली मांडत. पण एका वर्षी दार-एस-सलाममधल्या या घरांच्या भिंतींवर पाडायच्या खुणेच्या लाल फुल्या पडल्या, आणि या खेपेस उठलेले परतले नाहीत. शोमारीची आई मात्र ढिम्म हलली नाही.

तिचं खरं नाव म्वानाहावा. पोर झाल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं, आणि ते पोर जोहान्सबर्गला निघून गेलं होतं. मागच्या पुरात तिचा फोन वाहून गेला, त्यात त्याचा नंबरही गेला. आता त्याला ठाऊक असलेलं ठिकाण एकच, बदामाच्या झाडामागचं हे घर आणि दारापुढचा सिमेंटचा ओटा. शहर तर रोज एक टेकडी गिळत होतं. ती हलली तर तो तिला शोधणार कुठे?

म्हणून उठून जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तिने एकच निरोप दिला, "शोमारी भेटला तर सांगा, आई मेली तरी जागा सोडणार नाही." नळावरून जिच्याशी हाडवैर, त्या म्वाजुमालाही तिने तो दिला. म्वाजुमा गेली आणि भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही. दारात थांबून "येऊ का आत?" असं विचारल्याशिवाय तिथे कुणी उंबरा ओलांडत नाही. तो प्रश्न ऐकायला तिचे कान आसुसले होते. संध्याकाळी ती ओट्यावर बसून समोरच्या रिकाम्या ओट्यांना शिव्या घाली.

मग पाणी आलं. भोंगे घेऊन फिरणाऱ्या पोरांनी तिला अक्षरशः उचलून नेलं, आधी एका शाळेत, तिथून पार गावाबाहेर, टेकडीमागच्या नव्या वस्तीत. तिथे शोमारीला कुणीच ओळखत नव्हतं, त्यामुळे तिला 'शोमारीची आई' म्हणून कुणी हाकही मारीना. त्यातच तापाने तिला अंथरुणाला खिळवलं.

उठून बसायला लागली तशी दोन बस बदलून ती नदीवर आली. घरं भुईसपाट झाली होती, बदामही गेला होता. तिचा ओटा तेवढा राहिला होता. त्यावर बसून ती पोटभर रडली. मग भूक लागली, आणि वरच्या अंगाच्या मशिदीकडून पुलावाचा वास आला.

एका अनोळखी बाईने तिच्या हाती ताटली दिली. "बसा आई, जेवा. गेलेल्या बाईसाठी दुवा मागा."

"कोण गेलं?"

"आम्हीही इथे नवीनच. खाली राहायची म्हणे. मुलगा परदेशातून आला, तर घरच नाही. बाजारात कुणी म्वाजुमा भेटली त्याला. ती म्हणाली, तुझी आई मेली तरी जागा सोडणार नव्हती. मग काय, पाण्याबरोबरच गेली असणार बिचारी."

म्वाजुमाने उसनी नेलेली वस्तू जन्मात कधी धड परत केली नव्हती. हा निरोप मात्र तिने शब्दन् शब्द पोचवला होता.

तोंडातला घास तिने गिळला. वेलदोडा कमी पडला होता. कापडी पडद्यापलीकडे पुरुष जेवत होते, आणि कुणीतरी आलेल्यांचे आभार मानत होता. 'माझी आई' हे शब्द तो दोनदा म्हणाला. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

तो आल्यावर ओट्यावरून त्याला काय काय सुनवायचं, हे तिने किती वर्षं घोळवलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. ताटली तशीच हातात धरून ती पडद्याशी गेली आणि परक्याच्या दारात विचारावं तसं तिने विचारलं, "येऊ का आत?"

"या ना, आई," पडद्याकडे पाठ करून बसलेला शोमारी म्हणाला आणि जागा करायला थोडा सरकला. त्या गावात कुठल्याही म्हाताऱ्या बाईला आईच म्हणतात. त्याने अजून वळून पाहिलं नव्हतं.