छतावरचा भोपळा

नोकरीत असताना बाबा बॉयलर-इन्स्पेक्टर होते. त्यांची जीप फाटकात शिरली की भलेभले कारखानदार कपाळ पुसू लागत. ‘वाफेशी खेळ नको’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात कुकरची शिट्टी झाली की ते तोंड उघडायच्या आत बायकोच म्हणून टाकायची. आता बायको नव्हती, नोकरी नव्हती, आणि आज तपासणी खुद्द बाबांची होती. इन्स्पेक्टर पोटची लेक.

मागच्या खेपेला तिने फ्रिज उघडला होता. आत एक लिंबू, घड्याळाचे दोन सेल आणि बिस्किटांचा पुडा.

“बाबा, बिस्किटं फ्रिजमध्ये?”

“बाहेर मुंग्या लागतात.”

“आणि जेवता काय?”

“बिस्किटं.”

झालं, निकाल लागला. रविवारी स्वतःच्या हाताने केलेला धड नाश्ता दाखवा, नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे राहायला चला. लेकीचं घर उत्तम होतं, जावई देवमाणूस होता. पण आपली खिडकी, आपली खुर्ची आणि आपल्याला हव्या त्या आवाजात रेडिओ, यांपुढे देवमाणसाचं काय चालणार?

बाबांनी स्मूदी निवडली. करपायची भीती नाही. लाल भोपळा वाफवून ठेवला, केळं सोललं, दूध काढलं, दालचिनीची चिमूट घेतली. बदामाचं बटर मात्र चमच्याला असं चिकटलं की सोडायचं नाव घेईना. तेवढ्यात फोन.

“लवकर निघाले हो बाबा. कोपऱ्यावरच आहे.”

भोपळा अजून कढत होता. बाबांनी तो तसाच मिक्सरच्या भांड्यात लोटला, बाकीचं सगळं त्यावर ओतलं, झाकण गच्च दाबलं आणि बटण फिरवलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी जन्मभर लोकांना नोटिसा दिल्या, ती त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच ओट्यावर घडली. कोंडलेल्या वाफेने झाकण उडवलं.

बाबांनी ओटा पुसला, फरशी पुसली, चष्मा पुसला. भांड्यात ग्लासभर उरलं होतं, नशीब. बेल वाजली तेव्हा त्यांनी सहज वर पाहिलं. टेबलाजवळच्या खुर्चीच्या बरोबर वर, छताला, एक भलामोठा केशरी गोळा बदामाच्या बटराच्या भरवशावर लटकत होता.

लेक भलीथोरली रिकामी सूटकेस ओढत आत आली आणि नेमकी त्याच खुर्चीत बसली.

“इकडे बस ना, खिडकीशी.”

“बरी आहे मी इथे. वर काय बघताय सारखे?”

“देवाचे आभार मानतोय.”

“तुम्ही? कधीपासून?”

तिने ग्लास तोंडाला लावला. एक घोट, दुसरा घोट, मग थांबायचं नावच नाही. “अहो, फक्कड झालीय की! मला वाटलं होतं, गिळायचं आणि गप्प बसायचं. मग बाबा, मी म्हणते, तुम्ही इथेच—”

टप्प.

लेकीने भांगात बोट घातलं, बोट चाखलं, वर पाहिलं.

“भोपळा कढत होता?”

“होता.”

“आणि झाकण गच्च लावलंत?”

“लावलं.” बाबा उठले आणि सूटकेसकडे वळले. “माझे कपडे थोडेच आहेत. रेडिओ मात्र नीट गुंडाळून घे.”

मागे काहीच हालचाल होईना म्हणून त्यांनी वळून पाहिलं. लेक टेबलावर डोकं टेकून हसत होती. खांदे गदगदत होते, भांगातला भोपळा ओघळत होता.

“बाबा, आमच्या स्वयंपाकघरातला तो मोठा गोल दिवा आठवतो?”

“छताला चिकटवलेला? ओट्यापासून चांगला हातभर लांब आहे. त्याचा ओट्यावर काय उजेड पडणार? मी तेव्हाच म्हटलं होतं, जागा चुकली.”

“जागा अगदी बरोबर आहे. त्याच्यामागे टोमॅटोचं सूप आहे. तुमच्या जावयाला अजून वाटतं, मला दिव्यांची हौस.”

बाबांच्या ओठांवर ते वाफेचं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

लेकीने रिकामी सूटकेस उचलली, जाता जाता ओट्याखालचा उरलेला कच्चा भोपळाही त्यात टाकला, आणि पुढच्या रविवारी दोन ग्लास लागतील, जावईही येणार आहे, असं बजावलं.

“ते ठीक आहे,” बाबा दार धरून म्हणाले, “पण तो दिवा मिळतो कुठे?”