पंधरा मिनिटांचा भाव

माणसाच्या इतिहासात काही निर्णय असे असतात, की त्यांच्यानंतर चलन, व्यापार आणि स्वातंत्र्य या शब्दांचे अर्थ पूर्वीचे राहत नाहीत. असा एक निर्णय एप्रिलच्या सुरुवातीला बोरीवली पूर्वेला, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर सहदेव परब यांनी घेतला आणि जाहीर केला. कुकरची शिट्टी चालू असल्यामुळे त्यांच्या पत्नी सुलक्षणा यांना तो ऐकू गेला नाही. शिट्टी थांबल्यावर सहदेवने तो पुन्हा सांगितला, पण त्यात पहिलं वजन उरलं नव्हतं.

"आजपासून आपण बिटकॉइन घेणार."

"कशाला?"

"विकत नाही गं. गिऱ्हाईकाकडून. मसाल्याचे पैसे म्हणून."

"आणि मिरचीवाल्याला काय देणार?"

हा प्रश्न निर्णयाच्या कक्षेबाहेरचा होता.

परबांचं दुकान इंटरनेटवर होतं. नाव 'वाडीवरचा मसाला'. मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, आणि मे महिन्यात आंबोशी. घरात दोन बेडरूम होत्या, त्यांतल्या एकीत मसाला राहत असे. सुलक्षणा भाजायची, गिरणीतल्या डंखावर उभं राहून कुटून घ्यायची. सहदेव पाकिटं बंद करायचा, पत्ते चिकटवायचा आणि वेबसाइट सांभाळायचा. तीस वर्षं विमा कंपनीत साहेबाच्या केबिनबाहेर बसून काढल्यावर, आपण उठून कुठे निघालो हे कुणी विचारत नाही अशी ही आयुष्यातली पहिलीच जागा त्याला मिळाली होती. शिंका यायच्या, पण त्या स्वतःच्या होत्या.

बिटकॉइनचं खूळ मात्र आपोआप डोक्यात शिरलं नव्हतं. हिवाळ्यात कुणीतरी अनोळखी माणसानं किलोभर कुळीथ पीठ मागवलं आणि मोबाइलवरून पैसे धाडले. ते पैसे म्हणे आधी कुणाला तरी फसवून मिळवलेले होते. दोन राज्यं पलीकडे तक्रार झाली, आणि बोरीवलीत परबांचं अख्खं खातं गोठलं. बँकेतला तरुण अधिकारी फार सभ्य होता. "सर, आमच्या हातात काहीच नाहीये," असं तो प्रत्येक खेपेला म्हणायचा. आपले सगळे पैसे ज्याच्या हातात आहेत त्यानं असं म्हणावं, हे सहदेवच्या मनाला लागलं. खातं यथावकाश सुटलं. पण सहदेवने ठरवलं, की जगात एक तरी पैसा असा मिळवायचा ज्याला बँक कुलूप लावू शकणार नाही.

सुलक्षणानं आठवडाभर हे ऐकून घेतलं आणि मग अट घातली.

"मे संपेपर्यंत. हा मसाल्याचा सीझन आहे, संधी दिली नाही म्हणू नका. एक गिऱ्हाईक आणून दाखवा जे त्या कॉइननं पैसे देईल. आलं तर करा काय करायचं ते. नाही आलं तर ते वेबसाइटवरून काढायचं आणि सुबोधकडे जायचं."

सुबोध म्हणजे तिचा भाऊ. त्याचं मुलुंडला लाद्यांचं शोरूम होतं आणि त्याला गल्ल्यावर बसायला विश्वासाचा माणूस हवा होता. तो दर रविवारी फोन करायचा.

"भावोजी, खुर्ची घेतलीय नवीन. गोल फिरते."

"फिरू दे."

"एसी पण आहे हां. तुमच्याच डोक्यावर."

सहदेव कामाला लागला. वेबसाइटवर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आम्ही बिटकॉइन स्वीकारतो'. त्यावर फोन बरेच आले. गिरगावातल्या एका बाईंनी ते शाकाहारी आहे का विचारलं. ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी बिटकॉइनचा तास घेतला, म्हणजे सहदेवनं बोलायचं आणि त्यांनी चुका काढायच्या. शेवटी अर्धा किलो मसाला मागवला आणि पैसे पार्सल आल्यावर रोख देईन म्हणाले. सहदेवनं बिटकॉइनवर सूट दिली. मग त्या सवलतीवर आगळाची बाटली फुकट देऊ केली. एका गिऱ्हाइकानं नुसती बाटली मिळेल का विचारलं. सहदेव डगमगला नाही. आणि इकडे मे सरत आला.

शेवटच्या रविवारी जोगेश्वरीहून प्रीतम नावाच्या मुलाचा फोन आला. वय अठ्ठावीस, नोकरी संगणकाची.

"काका, तुम्ही खरंच घेता?"

"खरंच."

"यार! चार वर्षं झाली घेऊन ठेवलेत. कुणी घेतच नाही. बघायला बरे वाटतात फक्त. दोन किलो द्या. पण मी येऊन घेतो. आई म्हणते चव घेतल्याशिवाय मसाला घ्यायचा नाही."

तासाभरात प्रीतम सोफ्यावर होता. सहदेवनं फोन काढला, रक्कम टाकली, चौकोनी चित्र उमटलं आणि त्याच्याखाली पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं.

"हा भाव पंधरा मिनिटांचा. मग बदलतो. कर स्कॅन."

"करतो ना. चव?"

सुलक्षणा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोरडा मसाला जिभेवर ठेवून ठसका लागतो, चव नाही कळत. बस तू. बांगडे आहेत."

"अगं, पंधरा मिनिटं आहेत!"

"बांगड्याला सांगू का तसं?"

या पद्धतीचा शोध ज्यांनी लावला ते हुशार लोक असणार. पण पंधरा मिनिटांत मसाला विकत घेणारा मालवणी माणूस त्यांना कुठे भेटला, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. बांगड्याचं तिखलं ताटात आलं तेव्हा घड्याळ संपून बराच वेळ झाला होता. प्रीतमनं बोटं चाटली आणि झकास म्हणाला. सहदेवनं दुसरं चित्र काढलं. भाव थोडा हलला होता.

"आता कर."

"एक मिनिट, आईला विचारतो. गरम मसाला वेगळा घ्यायचा का."

फोन स्पीकरवर लागला. प्रीतमच्या आई, शेवंतीबाई, गरम मसाल्याकडे वळल्याच नाहीत.

"कोण ती बाई? गाव खंयचा तिचा?"

"माहेर पिंगुळी," सुलक्षणा पुढे झाली.

"पिंगुळेत कोणाची गो तू?"

"आबा राऊळांची."

"अगो बाय माझे! मगे कुसुम तुझी मावशी मा? ती माझी जाव!"

सहदेवनं डोळे मिटले. पुढची पंधरा मिनिटं कुसुममावशीच्या गुडघ्यांवर गेली, त्यात तिच्या सुनेचाही विषय निघाला. घड्याळ दुसऱ्यांदा संपलं. फोन ठेवला तेव्हा खोलीतली माणसं तीच होती, पण त्यांची नावं बदलली होती. मघापासून काकू असलेली सुलक्षणा ताई झाली होती आणि काका असलेला सहदेव भावोजी.

"बरं भावोजी, काढा तुमचं ते चित्र," प्रीतम म्हणाला.

सहदेवनं तिसरं चित्र काढलं. सुलक्षणानं त्याच्यावर हात ठेवला.

"भावाकडून मसाल्याचे पैसे घेऊ? मावशीला कुठल्या तोंडानं भेटू मी?"

"सुलू, हात काढ."

"घेऊन जा रे तू. दोन काय, तीन किलो ने."

"अगं, मग मी मुलुंडला जाऊ?"

"ते वेगळं. ती अट आहे."

"हे गिऱ्हाईक आहे!"

"होतं. आलं तेव्हा होतं."

"ताई, घ्या ना," प्रीतम काकुळतीला आला. "मला पण ते एकदा कुठेतरी वापरायचेच आहेत."

"दुसरीकडे वापर."

दुसरीकडे नव्हतंच, हे प्रीतमला चार वर्षांत कळलेलं होतं आणि सहदेवला सात आठवड्यांत. सहदेव खिडकीशी गेला. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या. मुलुंडची खुर्ची त्याला दिसायला लागली, तिचं ते गोल फिरणंसुद्धा. आणि बहुधा त्या मिरच्यांमुळेच त्याला ते सुचलं.

"ठीक आहे," तो वळून म्हणाला. "पण तिखट फुकट देऊ नये. नात्यात भांडण होतं."

सुलक्षणा थबकली. शेजारणीला मिरची द्यायची तर ती हातात न देता जमिनीवर ठेवणारी बाई होती ती.

"हे तुम्हाला कधीपासून पटायला लागलं?"

"आत्तापासून."

"सासूबाई सांगायच्या तेव्हा हसायचात."

"आता हसतोय का? बघ. मावशीचं घर आहे, जन्माचं नातं आहे. उद्या काही झालं तर तू मला म्हणू नकोस."

तिनं मसाल्याची पाकिटं पिशवीत भरली. देव, मावशी आणि नवरा यांच्यात तिच्या मनानं काय तडजोड केली ते कळायला मार्ग नाही.

"एक रुपया," ती म्हणाली. "एक रुपयावर एक पैसा घेणार नाही."

"बिटकॉइनमध्ये," सहदेव म्हणाला.

"कशातही. रुपया."

प्रीतमनं फोन हातात घेतला, बोट फिरवलं, परत फिरवलं. "ताई, ॲप रुपया पाठवत नाही. कमीत कमी शंभर लागतात."

"शंभर?"

"शंभर नकोच," सहदेव घाईनं म्हणाला. "वर एक पाहिजे. एकशे एक. आहेर समज. आहेराला कोण नाही म्हणतं?"

आहेराला नाही म्हणता येत नाही. सुलक्षणानं मान हलवली. सहदेवनं चौथं चित्र काढलं. प्रीतमनं या वेळी कुणालाही काही विचारलं नाही, स्कॅन केलं आणि बटण दाबलं. फोनवर 'प्रतीक्षेत' असं आलं. तिघंही फोनभोवती बसून राहिले. चहा झाला. आणखी एकदा झाला. मग हिरवी खूण उमटली.

सहदेव उभा राहिला. त्यानं शर्ट नीट केला.

"आलं," तो म्हणाला. "कुणाला न विचारता आलं. आता कुणी गोठवून दाखवा."

"बरं बाई," सुलक्षणा म्हणाली. तिनं शब्द फिरवला नाही. त्याच्यासमोरच सुबोधला फोन लावला. "सुबोध, दुसरा माणूस बघ रे. नाही, हे नाही येत. अरे, तूच बस की खुर्चीवर."

मग ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. भाऊ पहिल्यांदा घरी आला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवणार? पाकिटात एकशे एक रुपये होते. प्रीतम नको नको म्हणाला, पण तिनं ते त्याच्या खिशात कोंबलं आणि मसाल्याची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. ती त्यानं तिथून घेतली.

चपला घालताना प्रीतम घुटमळला.

"भावोजी, एक विचारू? ते पाठवायची फी लागली ना, ती कुणाची? म्हणजे तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय की बिटकॉइनवर वेगळा काही आकार नाही."

"लिहिलंय," सहदेव ताठ म्हणाला. "मीच लिहिलंय. किती झाली?"

फी दोनशे चाळीस रुपये झाली होती. सहदेवनं ती रोख दिली. सुटे नव्हते म्हणून अडीचशे दिले.