राउंडला आम्हीही येणार

रुग्णालयातल्या रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाचे उपचार करणाऱ्या मंडळींनी आपला प्रतिनिधी निवडला, तेव्हा हळूबाई तिथे नव्हतीच. ती वॉर्डात एका बाईंना ओठांचा चंबू करून श्वास कसा सोडायचा ते दाखवत होती. परत आली तर सगळे टाळ्या वाजवायला लागले.

"काय झालं?"

"अभिनंदन! आजपासून तू आमची पुढारी."

"मी? अरे, माझा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जात नाही!"

"पण तुझं कुणाशी भांडण नाही ना," सगळ्यांत जुना सहकारी म्हणाला आणि डबा उघडून बसला. म्हणजे विषय संपला.

दिवसभर पेशंटना "हळू, अगदी हळू" म्हणता म्हणता तिला हे नाव पडलं होतं. थेरपिस्टांची मागणी साधी होती. अतिदक्षता विभागात रोज सकाळी डॉक्टरांचा राउंड व्हायचा, कुणाचं काय करायचं ते तिथेच ठरायचं, आणि त्यात यांना जागा नव्हती. व्हेंटिलेटर कोकलायला लागला की मात्र नळ गळल्यावर प्लंबरला बोलवावं तशी हाक यायची.

घरी नणंदेला बातमी कळली. ती सोसायटीची अध्यक्ष; तिचा आवाज ऐकून पार्किंगमधली वाकडी गाडीसुद्धा सरळ होते, असं तिचा भाऊ म्हणायचा. तिने लगेच शिकवणी सुरू केली.

"वहिनी, टेबलावर हात आपट आणि म्हण, आमचा हक्क आम्हाला मिळालाच पाहिजे!"

हळूबाईने हात आपटला. पेला कलंडला, पण आवाज काही फुटेना. नवरा सोफ्यामागे तोंड लपवून हसत होता. शेवटी आवाज निघाला तो असा, की समोरची शेजारीण दार वाजवून म्हणाली, "अगं, भांडू नका गं!"

मीटिंगला अधीक्षक, छातीचे डॉक्टर आणि मेट्रन होत्या. हळूबाईने टेबलावर हात आपटला. "आमचा हक्क..." एवढ्यावरच आवाज चिरकला. मग तिलाच हसू आलं आणि तिच्यापाठोपाठ सगळ्यांना.

"सर, हे मला जमत नाही. माझ्या पद्धतीने बोलू?"

"बोला. तो पंखा बंद करा रे कुणीतरी, ऐकू येत नाही," अधीक्षक म्हणाले.

सगळे पुढे झुकले. तिने एका पेशंटबाईंची गोष्ट सांगितली. त्यांच्या घशातली श्वासाची नळी काढण्याची वेळ आली होती, थेरपिस्टला ते दिसत होतं. पण राउंडमध्ये ते सांगणारं कुणी नव्हतं. बाई आणखी एक दिवस नळी तोंडात घेऊन पडून राहिल्या.

"मला का नाही सांगितलंत?" छातीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"सांगत होते, सर. तुमच्या लिफ्टचं दार बंद झालं."

डॉक्टरांनी स्वतःचा कान पकडला. "मग राउंडलाच या, बाई. लिफ्टचा काही भरवसा नाही."

"महिनाभर करून बघू," अधीक्षक म्हणाले. "एकजण."

"दोघं, सर. एकाला मधेच मशीन हाक मारणार."

अधीक्षकांनी मेट्रनकडे पाहिलं. "बरोबर बोलतेय ती," मेट्रन म्हणाल्या. ठरलं.

पहिल्या राउंडला हळूबाईने उभं कुठे राहायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सरकत सरकत ती मास्क लावलेल्या एका आजोबांच्या उशाशी पोचली.

"थेरपिस्टबाई, यांचा मास्क थोडा वेळ काढता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

ती तोंड उघडणार तोच मास्कमधून गुरगुर ऐकू आली. तिने पट्टा सैल केला.

"नाक माझं, श्वास माझा," आजोबा धापा टाकत म्हणाले, "आणि विचारताय हिला?"

शिकाऊ डॉक्टर जमिनीकडे बघू लागले. हळूबाई खाली वाकली. "खरंय, आजोबा. तुम्हीच सांगा."

"चहापुरता काढा. कपाने पिईन, स्ट्रॉने नाही."

तिने मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा पाहिला. "चालेल, सर. मी बसते शेजारी."

पुढच्या मीटिंगला तिने नवी मागणी मांडली: राउंडमध्ये पेशंटलाही विचारायचं.

"बाई, हे तुमच्या मागण्यांत नव्हतं," अधीक्षक म्हणाले.

"नव्हतं, सर. आजोबांनी घातलं."

छातीच्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या आधी संमतीचा हात वर केला.