कमळताई पडल्या तेव्हा

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. अंबादास सुतारांनी मला घडवलं आणि बोरिवलीच्या नमिताच्या घरी माझा संसार सुरू झाला. माझ्यावर बसून तिच्या मुलीने बाराखडी गिरवली. "काय मजबूत आहे!" म्हणत पाहुणे माझी पाठ थोपटायचे. पुढे सोफा आला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. मागच्या पायाचा स्क्रू ढिला झाला, पण तो आवळायला कुणाला सवड झाली नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जास्त जमल्या, म्हणून मला हॉलमध्ये आणलं. तेवढ्यात कमळताई आल्या. मूळच्या गोराईच्या, मासळीबाजारात बसणाऱ्या. दुसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. काही जणी त्यांच्याशी अजून बोलतही नव्हत्या. त्या अवघडून माझ्यावर टेकल्या, आणि कडकन माझा पाय निखळला. कमळताई थेट जमिनीवर!

शेजारची शीतल फिसकन हसली. "वाट लागली खुर्चीची!" आणखी दोघी हसल्या. कमळताईंचे डोळे भरले. पदर सावरत त्या दाराकडे बघू लागल्या. मित्रांनो, दोष माझा होता आणि मान त्यांची खाली गेली होती!

नमिताने हातातलं तबक ठेवलं आणि धावत येऊन हात पुढे केला. "कमळताई, लागलं का हो? स्क्रू ढिला होता, मला माहीत होतं. चूक माझी." मग ती स्वतःच त्यांच्याजवळ फरशीवर बसली. "या गं सगळ्या. आज खालीच बसू."

एकेक करत सगळ्या खाली बसल्या. कमळताईंनी डोळे पुसले आणि मला उलटं केलं. "बाय, स्क्रूड्रायव्हर हाय का? होडीची फळी मी बसवते, ही तर खुर्ची हाय!"

पाच मिनिटांत माझा पाय घट्ट! त्या माझ्यावर ऐटीत बसल्या. मी हललेसुद्धा नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला.

शीतल जवळ आली. "सॉरी हं ताई, मी हसायला नको होतं."

"अगो, मी पन हसले असते," कमळताई म्हणाल्या. "पन आधी हात दिला असता."

आता मी हॉलमध्येच असते, आणि दर शनिवारी कमळताई माझ्यावर बसून चहा घेतात. मित्रांनो, घरातल्या वस्तूंचे स्क्रू वेळेवर आवळा. आणि चारचौघांत कुणाची फजिती झाली, तर सगळ्यांत आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.